हवालदार चालत आत गेले

त्या दिवशी आमी पाच जन हुतो. मालक, म्हंजी माजं घरधनी, पलटनीतनं रिटायर झाल्यालं हवालदार. मी. माजी सून शालन. टेम्पोवाला बाळू. आन मालकांच्याच पलटनीतलं नायक कोंडिबा, ते शेजारच्या वाडीत ऱ्हात्यात. लेक कामाला लांब हुता. मला लिवता येत न्हाई. मी सांगते तसं शालन लिवून घेतीया.

आमचं घर आंबवड्याच्या वरल्या अंगाला. मालकांची नौकरी सुटून लई वर्सं झाली, पन दिस पलटनीवानीच. पाचला उठायचं, दाढी करायची, बुटाला पालिश. त्या सकाळी दाढी अर्धीच ऱ्हायली. मालक उंबऱ्यावर बसल्यालं, बंडी घामानं भिजल्याली.

"छातीवर कुनी बसल्यागत वाटतंय," म्हनाले. येवढंच.

शालननं नायकांना हाक मारली. नायकांनी बाळूचा टेम्पो आनला, आत गवत पसरलं.

"हवालदार, आडवं पडा."

"नायक कोन, हवालदार कोन? आर्डर मी देनार."

"द्या. पर आडवं पडून द्या."

"म्हातारं झालं तरी हुद्द्याच्या फितीवरनं भांडत्यात," म्या म्हनलं. मालक हासले. पडले न्हाईत. फाळक्याला पाठ लावून बसले.

जायचं हुतं पुन्याला, फौजेच्या दवाखान्यात. तितं कार्ड दावलं की पैसं लागत न्हाईत. भोर गेलं, कापूरहोळ आलं. हायवेला लागलो आन मालकांची मान खाली आली.

"बाळू, थांब! हितंच घे," नायक वरडले. हायवेच्या कडंला खाजगी दवाखाना हुता. नायकांना नियम ठाव हुता. जीव धोक्यात आसंल तर जवळच्या दवाखान्यात न्यायचं, दोन दिसांत फौजेच्या योजनेच्या हापिसाला कळवायचं. पैसं आदी आपन भरायचं, मागनं हापिस देतं.

दारात एक नर्स स्ट्रेचर घिऊन आली. "आजोबा, झोपा यावर."

मालकांनी मान वर केली. "दुसऱ्या कुनाला लागंल ते. मी चालतोय."

"अवो, पडा की," म्या म्हनलं.

"गप."

शर्टाची गुंडी लावली आन ताठ चालत आत गेले. नाव, नंबर, हुद्दा सोताच सांगितला. डाक्टर म्हनाले, "आजी, बाबा खमके आहेत." मंग छातीला वायरी लावल्या. मशीनचा कागद बघितला आन त्यांचं हासू गेलं. "अटॅक आहे. पुण्यापर्यंत पोचायचे नाहीत. इथंच ठेवा."

नायकांनी त्याच दिवशी हापिसाला फोन केला. पैसं शालनच्या वडलांनी आनलं, पालीहून. धाकट्या लेकीच्या लग्नाला ठेवल्यालं. म्या नगं नगं म्हनत हुते. व्याही म्हनाले, "विहीनबाई, फौजेकडनं मिळायचं हायती. बुडायचं न्हाईत."

चवथ्या दिवशी मालक गेले.

दिस-कार्य झाल्यावर नायकांनी समदी बिलं लावून अर्ज दिला. लई महिन्यांनी पुन्याला बोलावनं आलं. खिडकीतला बाबू मानूस वाईट न्हवता. खुर्ची दिली, पानी दिलं. मंग म्हनाला, "मावशी, क्लेम नामंजूर झालाय. इमर्जन्सी दिसत नाही."

"मानूस मेला, साहेब," शालन म्हनाली.

"ते नंतर, ताई. आणलं तेव्हाचं बघतात. केसपेपरवर आहे, पेशंट चालत आला, शुद्धीवर, स्वतः बोलला. नेता आलं नसतं असं डॉक्टरनं कुठं लिहिलेलं नाही. मग पुण्याला का नाही नेलं, असं वरून विचारतात."

नायक उठून सावधान हुबं ऱ्हायले. "साहेब, आमच्या पोस्टवर स्ट्रेचर एकच. समदीकडं बरफ. एक जखमी खाली न्यायचा तर चार जवान पोस्टवरनं कमी व्हायचे. म्हून आर्डर हुती, ज्याचं पाय चालत्यात त्यानं चालायचं. हवालदार खांद्यात गोळी घिऊन चालत खाली आल्यालं. ते स्ट्रेचरवर कसं पडतील?"

बाबूनं केसपेपर परत चाळला. "बाबा, मला पटतंय. पण हे मी कुठं लिहू?"

पुन्याला नेता आलं नसतं आशी डाक्टरची चिठ्ठी आना म्हनाला. दवाखान्यात गेलो तर ते डाक्टर नौकरी सोडून गेल्यालं. नवा म्हनाला, मी पेशंट बघितलाच नाही, कसं लिहून देऊ. पुन्यांदा अर्ज केला. पुन्यांदा न्हाईच आलं. आता नायक बी अर्जाचं नाव काढत न्हाईत.

शालनच्या भैनीचं ठरल्यालं लगीन मोडलं. पोराकडची मानसं थांबली न्हाईत. व्याही मला एक शबूद बोलले न्हाईत. बोलले आसते तर बरं झालं आसतं. पंचमीला शालनला म्हनलं, माहेरला जा. तर म्हनाली, "कुठल्या तोंडानं जाऊ, आत्या?"

त्या पोस्टवरनं जे जवान खाली आलेच न्हाईत, त्यांची नावं मालक दर दिवाळीला दिवा लावून घ्यायचे. औंदा नायकांनी घेतली. शेवटाला मालकांचं घेतलं.

"ते काय लढाईत गेले न्हाईत," म्या म्हनलं.

"वैनी, घिऊ द्या."

वाचनाऱ्यांना माजं येवढंच मागनं हाय. तुमच्या घरातला फौजी आजारी पडला तर त्याचं ऐकू नका. दवाखान्याच्या दारातनं त्याला चालत जाऊ देऊ नका. शिव्या दिल्या तरी स्ट्रेचरवर घाला. आन डाक्टर तोंडानं काय म्हनाला, ते तितंच, त्याच्याच हातानं लिवून घ्या.