मत्स्यबीजाच्या पिशव्या

पन्हाळा तालुक्यातील आमच्या गावतळ्यात शासकीय अनुदानाचे मत्स्यबीज सोडायचे होते. माशांची इवली पिले भरलेल्या पिशव्या ताबडतोब फोडून छायाचित्र घ्यावे, अशी अधिकाऱ्यांची घाई. गावाचे सरकारी अर्ज मीच लिहितो; मी शासन निर्णयाचा हवाला देऊन या घाईला हरकत घेतली. ती कोणीही ऐकली नाही.

एक वृद्ध मच्छीमार मात्र कमरेइतक्या पाण्यात उतरला. बंद पिशव्या त्याने तळ्यावर तरंगत ठेवल्या आणि त्यांच्यावर हात पसरून उभा राहिला.

"सायेब, पिशवीतलं पाणी तापलंय, तळ्यातलं गार हाय. पिलांस्नी दम खाऊ द्या की! ही मेली तर वरीसभर जाळ्यात काय तुमचा फोटू धरायचा?"

अधिकारी अर्धा तास उन्हात उभे राहिले. मग म्हाताऱ्याने एकेका पिशवीचे तोंड हलकेच सोडले आणि पिले जिवंत बाहेर पडली.

चाळीस वर्षांच्या पत्रव्यवहारात मी एकाही अधिकाऱ्याला इतका वेळ थांबवू शकलेलो नाही.