सीताफळांचा हार आणि कॅप्टन भाची

तमाम ग्रामस्थ, पै-पाहुणे आणि महामार्गावर चहाला थांबणारे परके प्रवासी यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, चौसाळ्याजवळच्या आमच्या गावात क्रेनला टांगलेल्या सीताफळांच्या हाराबद्दल ज्या अफवा पार नेकनूरपर्यंत पोचल्या आहेत, त्या साफ खोट्या आहेत. कुणीही बेशुद्ध पडलं नव्हतं. क्रेन आडवी झाली नव्हती. खरा वृत्तांत एकट्या माझ्याकडे आहे, कारण हाराखाली मी स्वतः उभा होतो.

झालं असं, की माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी प्रवासी विमानाची कॅप्टन झाली. आधी ती सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीत बसायची, आता कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत, खांद्यावर चार सोनेरी पट्टे. आमच्याकडे माणूस साधा पंचायत समितीवर निवडून आला तरी जेसीबीतून गुलाल उधळतात आणि क्रेननं हार घालतात. मग आभाळातून माणसं नेणाऱ्या पोरीला शाल-नारळात गुंडाळायचं? छे! माझं खताचं दुकान, म्हणजे दिवसभर गिऱ्हाइकांसमोर भाषणाची सोय. मी जाहीर करून टाकलं, "हार क्रेननंच पडणार गळ्यात! आणि झेंडूचा न्हाई, सफरचंदाचाबी न्हाई. सफरचंद काश्मीरचं. आपल्या डोंगराचं काय? सीताफळ!"

टाळ्या पडल्या. अशा वेळी टाळ्या पडल्या की माझी अक्कल रजेवर जाते.

डोंगरातली कडक सीताफळं उतरवली, एकेक देठ सुतळीनं जाड दोराला बांधला. दोन माणसांना उचलता येऊ नये असा हार तयार झाला. आणि त्याच संध्याकाळी भाचीचा फोन आला. कंपनीनं तिची सुट्टी दोन दिवस पुढं ढकलली होती. कार्यक्रम मीही पुढं ढकलला. सीताफळांना मात्र कुणी कळवलं नाही. ती आपली ठरल्याप्रमाणे पिकायला लागली.

भाची आली ती गप्पगप्पच. सकाळी ओट्यावर चहा घेताना मी तिला खोदून खोदून विचारलं, तेव्हा ती बोलली.

"मामा, मागच्या आठवड्यात एका गावी उतरायचं होतं. पाऊस, वारा आडवा. खाली आले, पण धावपट्टी जिथं दिसायला हवी तिथं दिसली नाही. परत वर गेले. टाकीत इंधन किती, ढग हलतायत का, सगळं पाहिलं आणि विमान दुसऱ्या शहरात उतरवलं."

"मग चांगलंच केलं की!"

"प्रवाशांनी शिव्या घातल्या. कंपनीला त्यांच्यासाठी बसगाड्या कराव्या लागल्या, हॉटेल द्यावं लागलं. त्या विमानाची पुढची उड्डाणं रद्द झाली. आणि मी निघून आल्यावर थोड्याच वेळात दुसऱ्या कंपनीचं विमान तिथंच उतरलं. अगदी सुखरूप."

"अरारा," मी म्हणालो.

"हो. सगळे तेच म्हणतात. अरारा." ती हसली, पण ते हसू चहात बुडालं. "धोका घे असं कुणी म्हणत नाही, मामा. सगळे गोड विचारतात. जास्तीचं इंधन का घेतलं होतं? दुसऱ्यांदा प्रयत्न का नाही केला? आता जे झालंच नाही, ते मी दाखवू कसं?"

आमच्या कार्यक्रमाच्याच दुपारी तिच्या वरिष्ठांचा फोन येणार होता. 'दुसऱ्यांदा प्रयत्न करायला हवा होता' एवढं तिनं म्हटलं की प्रकरण मिटणार. नाही म्हटलं, तर काही महिने पुन्हा उजवी खुर्ची.

माझी बहीण आतून भाकरी थापता थापता ओरडली, "मग म्हण की! एवढं म्हणल्यानं जीभ झिजती का तुजी? इतक्या वर्षांनी डावी खुर्ची मिळाली अन् लागली नाटकं करायला!"

"आई, आज तसं म्हटलं तर पुढच्या वेळी मी माझंच ऐकणार नाही."

"कावून ऐकणार न्हाईस? आमचं तर कवाच ऐकत न्हाईस!"

दुपारी मारुतीच्या पारासमोर सगळं गाव जमलं. हलगी कडाडली. जमिनीवर रांगोळीचा मोठा गोल काढलेला, त्यात लाल खुर्ची, खुर्चीच्या बरोब्बर वर क्रेनच्या हुकाला लोंबणारा हार. काय दिसत होता! हत्तीच्या गळ्यात शोभला असता. माझ्या आग्रहावरून भाचीनं गणवेश घातला होता. मी माइक घेतला, घसा साफ केला आणि "गगनविहारिणी" या शब्दावर आवाज असा चढवला की पारावरची कबुतरं उडाली.

भाची चालत आली आणि रांगोळीच्या कडेला थांबली. वर पाहिलं. पश्चिमेकडून वारा सुटला होता, हार डुलत होता. तिनं देठ पाहिले, सुतळी पाहिली, क्रेनचं तोंड पाहिलं.

"मामा, खाली घ्या हे. फळं पिकलीत. हार जमिनीवर ठेवा, मी तिथं येऊन हात लावते."

"अगं जमिनीवर?" मी माइक बाजूला धरून कुजबुजलो, पण माइकनं ते सगळ्या गावाला ऐकवलं. "क्रेनचं भाडं तासावर हाय! फोटोवाला बीडहून आलाय! माणसं कवाची उन्हात हायत. आधीच दोन दिवस उशीर झालाय. एक मिनिट उभं राहायचं, बास!"

भाची माझ्याकडे पाहतच राहिली. मग खळखळून हसली. "मामा, तुम्ही आमच्या ऑफिसात नोकरी का धरत नाही?"

गर्दीतून टोमणे सुरू झाले. एक म्हातारबा काठी आपटून म्हणाले, "इमान उडवती अन् सीताफळाला भेती!" त्यांच्या मागून एकजण ओरडला, "परवा शेजारच्या गावात ह्याच क्रेननं हार घातला की बे! कुणाला काय झालं?"

क्रेनवाला खिडकीतून डोकावला. "मामा, काय करायचं? मला पुढं दुसरं काम हाय."

भाची रेषेबाहेरच उभी. ना रागावली, ना आवाज चढवला. नुसती मान हलवली. नाही.

आता माझ्यातला नट जागा झाला. "ती न्हाई तर तिचा मामा!" अशी गर्जना करून मी बहिणीचा हात धरला आणि तिला ओढत रांगोळीत नेलं. हलगी दुप्पट जोरात वाजली. मी छाती काढली, फोटोवाल्याकडे पाहून मिशीवर बोट फिरवलं.

आणि मग वर पाहिलं.

बाहेरून तो हार म्हणजे नुसती शोभा. खालून तो वेगळाच प्राणी होता. दोर करकरत होता. प्रत्येक सीताफळाचे डोळे फाकलेले, आणि ती सगळी मिळून माझ्याकडे बघत होती. वाऱ्याची एक झुळूक आली, हार जरासा फिरला, आणि पच्च! एक फळ माझ्या फेट्यावर. थंडगार गर कानामागून मानेत उतरला. दुसरं बहिणीच्या नव्याकोऱ्या साडीवर फुटलं. तिनं वर पाहिलं, "आगं बया!" म्हणाली आणि पदर सावरत अशी पळाली की मी तिच्यामागून दुसरा आलो.

क्रेनवाल्यानं हार हळूहळू खाली ताडपत्रीवर टेकवला. एकही फळ आणखी पडलं नाही. लोकांनी हाराभोवती बैठक मारली आणि हार खायला सुरुवात केली. मघाचे म्हातारबा तोंडातून बिया उडवत म्हणाले, "काय पडलं शेवटी? दोन फळं! उगाच भेदरली पोरगी. पण गोड हायत हां, लई गोड."

पडलीच होती दोन. बाकीचं जे पडलं नाही, ते आता त्यांच्याच पोटात जात होतं.

तेवढ्यात भाचीचा फोन वाजला. तिचे हात गरानं चिकट झाले होते, म्हणून मीच बटण दाबलं आणि फोन स्पीकरवर टाकून तिच्यापुढं धरला. पलीकडून साखरेत घोळलेला आवाज आला.

"कॅप्टन, काय ठरलं मग? दुसरा प्रयत्न करायला हरकत नव्हती, एवढंच म्हणायचंय. शेवटी त्या दिवशी काहीच झालं नाही ना? दुसरं विमान उतरलंच की."

हलगीवाल्यानंसुद्धा हात थांबवला. भाचीनं तोंडातली बी हातावर घेतली.

"सर, मी तसं म्हणणार नाही. धावपट्टी दिसली नव्हती. उद्या पुन्हा दिसली नाही, तर पुन्हा तेच करीन."

"विचार करा. परिणाम माहीत आहेत तुम्हाला. मग उजव्या खुर्चीची तयारी ठेवा."

माझी बहीण शेजारीच साडीवरचा गर पुसत बसली होती. सकाळपासून 'म्हण की, म्हण की' करणारी ती. मला वाटलं, आता ही फोन हिसकावून पोरीच्या वतीनं माफी मागणार. तिनं फोन हिसकावला खराच. तो तोंडापुढं भाकरीसारखा आडवा धरला आणि ताडपत्रीवरच्या सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली,

"अवो साहेब, तुमी एकदा खाली उभं राहून बघा की!"