पाय ठेवायची फळी

मी एसटीने विंझरच्या शाळेत शिकवायला जायचो. थांब्यासमोरच्या पडवीत एक माणूस भंगारातल्या मोटारसायकलीची नवी गाडी घडवत एकटाच बसलेला असायचा. टाकी रॉकेलच्या डब्याची, सीटला घोंगडी. डाव्या बाजूची पाय ठेवायची फळी मात्र त्याने तीनदा काढून बसवली.

"आमची मंडळी नऊवारी नेसायची. तिला एका अंगानं बसाया नको?"

ती जाऊन वर्ष झालं होतं.

गाडी सुरू झाली त्या सकाळी त्याने मलाच बोलावलं. मी टांग टाकू लागलो.

"तसं न्हाई, मास्तर. दोन्ही पाय फळीवर घ्या."

थांब्यावरची माणसं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बसलो. शाळेपर्यंत त्याने गाडी बैलगाडीसारखी हळू नेली. थांबल्यावर मागे न बघताच विचारलं,

"भ्या न्हाई ना वाटलं?"