तेलाच्या डब्याएवढी कॅबिनेट

मला कॅबिनेट मोठीच हवी होती. चांगली अवाढव्य, दोघांनी धरल्याशिवाय जागची हलणार नाही अशी. कारण लहान असती तर आमची लेक ती उचलून नाशिकला घेऊन गेली असती. आणि एकदा का ती तिकडे गेली, की पोरीला जव्हारला यायला कारण काय उरलं? आईबाप? आईबापांसाठी कोण येतंय हो एवढ्या वळणावळणाच्या रस्त्याने, पोटातलं ढवळून घेत!

अर्थात घरात मी हे असं बोलत नव्हते. घरात मी हवा, धूळ, ओल असली शहाणपणाची कारणं सांगायचे. शाळेत इतकी वर्षं शिकवल्यावर कारणं काय, हवी तितकी निघतात.

कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचं सगळं सामान ज्यात बसवतात तो बाहेरचा डबा. हे आता मी सांगतेय ऐटीत, पण आधी मला त्याला डबा म्हणतात एवढंच माहीत होतं, आणि लेक दर वेळी "आई, डबा नाही, कॅबिनेट" म्हणून चिडायची. हा नवा कॉम्प्युटर आमच्या हॉलसाठी घ्यायचा होता, टीव्हीला जोडून गेम खेळायला. हो, गेम. मी मोखाड्याला झेडपीच्या शाळेत बाई, नवरा तिथल्याच तहसील कचेरीत, आणि रविवारी दुपारी जेवण झालं की आम्ही तिघं हॉलमध्ये सतरंजीवर बसून हातात कंट्रोलर घेऊन खेळतो. शेजारच्या वहिनींना पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांनी तोंडाला पदर लावला होता. लावू दे.

आमचा आवडता गेम हॉटेलच्या स्वयंपाकघराचा. ऑर्डरी येतात, भाज्या चिरायच्या, शिजवायच्या, वेळेत ताट द्यायचं, नाहीतर जळतं. त्यात मी अशी ओरडते की रस्त्यावरचा माणूस थांबून बघतो. "अहो, टोमॅटो! टोमॅटो द्या आधी! काय करताय तिथे कोपऱ्यात?" कोपऱ्यात आमचे हे भांडी घासत असतात. घरात यांनी आपली कपबशी कधी विसळली नाही, पण गेममध्ये भांड्यांचं खातं कायम यांच्याकडे. मोरीजवळ उभे राहतात, एकेक ताट स्वच्छ करतात आणि खूश असतात. लेक हसून हसून आडवी होते. मला त्या रविवारांचं वेड लागलं होतं, खरंच सांगते.

मग दोन गोष्टी एकदम झाल्या. लेकीचा जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला, आणि तिला नाशिकच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. पेढे वाटले, फोन केले, सगळं केलं. आणि त्या आनंदाच्या भरात यांनी जाहीर केलं की आता नवा कॉम्प्युटर घेऊ, हॉलसाठी, चांगला गेम खेळायचा. हॉलसाठी! मी तो शब्द घट्ट धरून ठेवला.

आतल्या सामानावरून आमच्यात काही वाद झाला नाही. कारण आतलं लेकीशिवाय कुणाला कळतच नव्हतं. डब्यावर मात्र तिघांचीही मतं होती.

लेकीने मोबाईलवर एक कॅबिनेट दाखवली. राखाडी रंगाची, चारी बाजूंनी जाळी, दिसायला नीटस. पण वरच्या अंगाला चक्क चामड्याची मूठ होती. मूठ! माझं काळीजच लक्कन हललं. हॉलमध्ये ठेवायच्या वस्तूला मूठ कशाला लागते? आपण टीव्हीला मूठ लावतो? शोकेसला लावतो?

"किती गोड आहे ना?" लेक म्हणाली. "फक्त अकरा लिटर."

"लिटर? दूध घालायचंय का त्यात?"

"आई, लहान कॅबिनेट लिटरमध्येच मोजतात. एकूण किती जागा व्यापते त्यावर."

आमच्या ह्यांना मापांचं भारी प्रेम. ते लगेच उठले, शिंप्याकडची असते तशी टेप आणली आणि टीव्हीखालचा कप्पा मोजायला लागले. मोजून झाल्यावर म्हणाले, "आकडा डोळ्यांसमोर येत नाही. भांडं ठेवून बघू." आणि स्वयंपाकघरातून पाच लिटरचा कुकर आणून टीव्हीखाली ठेवला. मग तो काढून तिथे तेलाचा पंधरा किलोचा रिकामा पत्र्याचा डबा आणला. दोन पावलं मागे सरकून, मान तिरकी करून बघितलं. "साधारण ह्याच्याहून जरा कमी. छान दिसेल."

मी उठले. मागच्या पडवीत गेले आणि पाण्याचं निळं पिंप उचलून आणलं. टीव्हीखाली मावेना, म्हणून टीव्हीशेजारी ठेवलं. "मला असं हवं," मी म्हटलं. "पन्नास लिटर. हवा खेळती राहते. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते, एवढ्याशा डब्यात कोंडून ठेवलं तर आतलं सगळं सडेल. आणि काच हवी एका बाजूला. घरात वस्तू आली की दिसायला नको?"

"आई, एवढ्या पिंपात माझा एवढासा मदरबोर्ड आत हरवून जाईल," लेक म्हणाली.

"हरवू दे. शोधू."

ते पिंप आणि तो तेलाचा डबा पुढचे बरेच दिवस हॉलमध्येच राहिले. सवय व्हावी म्हणून, असं ह्यांचं म्हणणं. येणारा प्रत्येक जण विचारायचा. वहिनी म्हणाल्या, "पाणी गळतंय का वरून?" यांच्या कचेरीतले एक साहेब चहाला आले, ते बराच वेळ त्या डब्याकडे बघत होते. मी सांगितलं, कॉम्प्युटर आहे. त्यांनी मान डोलावली आणि चहा भराभर संपवला.

मी हार मानणारी नव्हते. शाळेतल्या संगणकाच्या सरांना विचारून विचारून मी मुद्दे गोळा केले. लहान कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्रं आणणारं कार्ड, मोठं बसत नाही. बसलं तरी तापतं. वीज देणारा सप्लाय वेगळा, बारका घ्यावा लागतो. उद्या काही वाढवायचं म्हटलं तर जागा नाही. हे सगळं मी जेवताना एकामागून एक काढायचे. लेक प्रत्येकाला उत्तर द्यायची. कार्डाची लांबी तिने मिलिमीटरमध्ये पाठ केली होती, जाळीतून हवा कशी येते आणि वरून कशी निघते ते ताटातल्या भातावर बोटाने काढून दाखवायची. आणि यांचं आपलं मधूनच, "ती म्हणते त्यात तथ्य आहे हं." अस्सा राग यायचा!

एका संध्याकाळी लेक मैत्रिणीकडे गेली होती. हे शेंगा सोलत बसले होते आणि मी पुन्हा मोठ्या कॅबिनेटचं गाऱ्हाणं सुरू केलं. काचेची बाजू, चार पंखे, सगळं. त्यांनी शेंग सोलता सोलता शांतपणे म्हटलं, "अगं, मोठी घेतली तर कॉम्प्युटर इथे राहील. ती नाही राहणार."

 म्हणजे यांना पहिल्यापासून कळलं होतं. पिंप आणलं तेव्हापासून कळलं असणार, आणि तरी हा माणूस टेप घेऊन कप्पे मोजत होता. माझा इतका संताप झाला की मी उठून आत गेले आणि उगाच घासलेली भांडी पुन्हा घासली. रडलेही थोडी. मला भीती वाटत होती हो. आमच्या शाळेतल्या एका बाईंचा मुलगा पुण्याला गेला, तो आता दिवाळीला येतो, पाहुण्यासारखा बसतो आणि बाथरूम कुठे विचारायचं तेवढं बाकी ठेवतो. माझी पोर अशी झाली तर? मला ते हॉलमध्ये बसून, टीव्ही बंद ठेवून बघायचं नव्हतं. पण काचेचा पन्नास लिटरचा डबा बघत बसले असते, तर त्यात तरी काय ठेवलं होतं?

दुसऱ्या दिवशी मीच लेकीला हाक मारली. "तो मूठवाला मागव."

ती माझ्याकडे संशयाने बघायला लागली. "का?"

"मागव म्हटलं ना. पण अट आहे. कॉम्प्युटर हॉलचा आहे. तुला तिकडे अभ्यासाला लागेल, तर नेत जा, पण एक शनिवार सोडून एक शनिवार तो घरी आला पाहिजे. आणि तो आपोआप चालत येणार नाही, कळलं?"

ती हसली, म्हणाली, "चालेल की." इतक्या सहज म्हणाली की मला तिच्याकडून काय हवंय हे तिला समजलं की नाही, तेच मला समजेना.

कॅबिनेट आली. खोका प्रचंड, आतली वस्तू एवढीशी. हॉलमध्ये सतरंजीवर पंखे, वायरी, स्क्रू असं सगळं मांडून लेक मधोमध बसली, आणि आम्ही दोघं ऑपरेशनच्या नर्सेससारखे बाजूला. ग्राफिक्स कार्ड आत सरकवताना ते शेवटी इतकं घासून गेलं की तिघांचाही श्वास अडकला. "बोलले होते मी," असं अगदी ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात ते बसलं. वायरींचा गुंता मात्र त्या इवल्या जागेत मावेना. तेव्हा मी पुढे झाले. वर्षानुवर्षं शाळेच्या तारेवर तोरणं बांधलेली बाई आहे मी. वायरी दुमडून, बांधून, कडेला सारून मी असं झाकण लावलं की लेक म्हणाली, "आई, हे कुणी शिकवलं तुला?" मला जे काय वाटलं ते सांगत नाही, पण रात्रीच्या जेवणाला शिरा झाला.

त्या रविवारी आम्ही नव्या कॉम्प्युटरवर स्वयंपाकघर चालवलं. काय सुसाट! आमचे हे म्हणाले, भांडीसुद्धा जास्त चकचकीत निघतायत.

मग ती गेली. कॅबिनेटला आतून प्लॅस्टिक, वरून माझा जुना रेनकोट, आणि मांडीवर घेऊन एसटीत खिडकीशी. तिकडे खोलीतल्या मैत्रिणीचा मॉनिटर होता, त्यावर काम चालायचं. आणि खरोखर, एक शनिवार सोडून एक शनिवार ती मूठ धरून परत यायला लागली. आली की आधी कॅबिनेट टीव्हीखाली, मग चप्पल काढायची. रविवारी खेळायचो, सोमवारी पहाटेच्या गाडीने दोघी परत, ती आणि कॅबिनेट. माझी युक्ती चालली होती. मी स्वतःवर खूश होते, आणि आतून मात्र एक खुटखुट होतीच, की पोर मला भेटायला येते का डबा पोचवायला?

परवाच्या शनिवारची गोष्ट. सकाळची शाळा आटोपून मी मोखाड्याच्या नाक्यावर जव्हारच्या जीपला उभी होते. तो मधला शनिवार, म्हणजे घरी कुणी येणार नव्हतं, आणि मी मनात संध्याकाळला नुसती खिचडी टाकायचं ठरवत होते. नाशिककडून एसटी आली. उतरणाऱ्यांत मागून एक पोरगी उतरली, ओढणी सावरत. माझीच. नाशिकहून थेट जव्हारला जाणारी गाडी मध्येच सोडून उतरली होती, खिडकीतून मी दिसले म्हणून.

माझं लक्ष आधी तिच्या हातांकडे गेलं. रिकामे. पाठीवर छोटी सॅक, बस्स.

"कॉम्प्युटर कुठाय?" हे पहिलं वाक्य निघालं माझ्या तोंडातून. कशी ना मी!

"रूमवर."

"बिघडला?"

"नाही गं. मस्त चाललाय."

"बरं नाही का तुला? कॉलेजात काही झालं?"

"आई, काही नाही झालं."

"अगं पण आज आणायचा शनिवार नाही."

"माहितीये," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली. "भूक लागलीय. घरी काय करणारेस?"

तेवढ्यात जीप लागली. मागच्या बाकावर आम्ही दाटीवाटीने बसलो. समोर माझ्या शाळेतल्या एका पोराची आई होती, बाजाराची टोपली पायांत धरून. तिने लेकीकडे पाहिलं, हसली आणि मला विचारलं, "बाई, पोर सुटीला आली का?"

"नाही हो," मी म्हटलं. मग मोठ्याने सांगितलं, सगळ्या जीपला ऐकू जाईल असं. "सुटी नाही, काम नाही, काही नाही. अशीच आली."