आचारी पंगतीला बसला

आखातातल्या अल खोरच्या त्या जुन्या व्हिलात आठ कामकरी राहायचे, आणि आठांची पोटं एका माणसाच्या हातात होती. केरबा पाटोळे. गाव गडहिंग्लजकडचं, वय छप्पन्न, मिशी अजून काळीभोर. बाकीचे कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी वेल्डर, कुणी ड्रायव्हर. रास लफानच्या गॅस प्रकल्पातली शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमधून उतरले की दारातूनच ओरडायचे, "मामा, यल्ला! वाढा लवकर!"

केरबा वाढायला उभा राहिला की बघत राहावं. एका हातात भाकरीची टोपली, दुसऱ्या हातात पळी.

"घे रं."

"नको मामा, बास."

"बास काय? तुझी आई इचारंल, मामा उपाशी मारतोय व्हय म्हणून!"

ताटावर कुणी हात आडवा धरला, तर पळी त्या हाताखालून शिरायची. आग्रह ही केरबाची कला होती, आणि एकही माणूस ढेकर दिल्याशिवाय त्याच्यापुढून उठला नव्हता.

एकच गोष्ट त्यानं सगळ्यांपासून लपवली होती. गेले आठ महिने त्याला स्वतःला अन्न पचत नव्हतं. दोन घास खाल्ले की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. दवाखान्यात तपासण्या झाल्या, वाईट काही निघालं नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वेळेवर जेवा म्हणाले. पण आचाऱ्याची वेळ कोणती? तो सगळ्यांत शेवटी, चारच्या सुमाराला, भांड्याच्या तळाशी उरलेलं उभ्याउभ्या खायचा आणि वर फ्रीजमधली लबानची आख्खी बाटली घशात ओतायचा. ताक पोटाला चांगलं, हे त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. लबान म्हणजे इथलं ताकच; मग जेवढं गार तेवढं गुणाचं, अशी त्याची समजूत.

एके दिवशी गोविंदराव स्वयंपाकघरात आले. ते साताऱ्याचे, सगळ्यांत वडील, मेसचा कारभार त्यांच्याकडे.

"केरबा, तुझ्यापासून काय लपवायचं? पोरं कुजबुजायला लागलीत. आचारी आपलं रांधलेलं आपण का खात नाही, म्हणतात. तू एकदा पंगतीला बस आणि सगळ्यांसमोर पोटभर जेव."

"आणि न्हाई जेवलो तर?"

गोविंदरावांनी जरा खाली पाहिलं. "तर पोरांनी दुसरा आचारी बघून ठेवलाय."

केरबानं मिशीवर हात फिरवला. "बकरी ईदच्या सुट्टीत सगळी घरात असतील. तवा बसतो." तोंडानं ऐटीत बोलला, पण मनात मोजत होता. हातात तीनच आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात त्याला चेन भेटला. चेन चिनी कामगारांच्या कँटीनचा मुख्य आचारी. आल्याच्या एकाच खोक्यावरून दोघांची वर्षानुवर्षं ओढाताण चालायची. दोघांना समजतील असे शब्द पंधरा-वीस, पण तेवढ्यात भांडणही व्हायचं आणि मैत्रीही. केरबानं पोट चोळत लबानची बाटली उघडली, तशी चेननं ती हातातून काढूनच घेतली.

"जीभ!"

"आँ?"

"जीभ दिखाओ!"

भर बाजारात केरबानं जीभ बाहेर काढली. लिंबूवाला खो खो हसला. चेनची आई गावची वैद्य होती, आजार जिभेवरून ओळखायची, त्यामुळे ती नजर याच्याकडेही आली होती. जिभेवर पांढरा जाड थर, कडेला दातांचे ठसे. चेननं मान हलवली. दोन्ही हातांनी हवेत भांडं काढलं, "ये पेट." खाली बोटं नाचवली, "ये आग." मग त्या आगीवर बाटली ओतल्याचं सोंग केलं. "फूऽऽ! खलास."

"पर ताक तो अच्छा!" केरबा चिडला.

"ताक अच्छा. बरफ क्यों?" आणि मग हळूच, "खाना... बैठ के?"

चाळीस वर्षं दुसऱ्यांना बसवून वाढणारा माणूस स्वतः बसून कधी जेवलाच नव्हता.

मग थोडे शब्द, थोड्या खुणा करत चेनचं शास्त्र सांगून झालं. सकाळी सात ते नऊ ही पोटाची वेळ, तेव्हा गरम पातळ खिमट खायचं. दिवसभर पाणी गरम. घास चावून चावून, काळजी बाजूला ठेवून. संध्याकाळी थोडंच. आणि दहापैकी सात भाग पोट भरलं की उठायचं. निघताना त्यानं संत्र्याच्या जुन्या वाळक्या सालींची पुडीही हातात ठेवली.

केरबानं सगळं मनापासून केलं. सकाळी तांदूळ आणि भोपळ्याचं खिमट, त्यात आलं आणि सालीचा तुकडा. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि हा फुंकून फुंकून गरम पाणी पितोय! सहाव्या दिवशी सकाळी त्याला भूक लागली. खरीखुरी, कडकडून. तो एकटाच हसला.

ईदच्या सुट्टीत पंगत बसली. तांबडा रस्सा, भाकरी, कांदा. वाढायला गोविंदराव. केरबा सावकाश चावत, चवीनं जेवला. दीड भाकरी संपली आणि त्यानं ताटावर हात आडवा धरला.

"घे की," गोविंदराव म्हणाले.

"बास."

पंगत एकदम थांबली. या घरात 'बास' कुणाचंच चालत नव्हतं, आणि ते खुद्द मामांनी म्हणावं?

"बघा!" बाबू वेल्डर बोललाच. "स्वतःचंच जेवान नको झालंय मामास्नी!"

केरबानं त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "बाबू, आठ महिनं मला पचत न्हवतं. तुमच्यापास्नं लपवलं, ती माझी चूक. आज पचतंय. चवीनं जेवलोय आणि थोडी भूक ठिवून उठतोय. अजून आग्रह केलासा तर पुन्हा आजारी पडंन."

मग बाबूनंच खिशातून पचनाच्या गोळ्यांची पट्टी काढून ताटाशेजारी ठेवली.

"मामा, खरं सांगू? मी रोज जेवायच्या आधी ही घेतोय. तुमच्या पळीच्या भ्यानं."

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. केरबाला ते लागलं. ज्या कलेचा अभिमान, तिनंच पोरांची पोटं बिघडवली होती. तो उठला, गोविंदरावांच्या हातातली पळी घेतली आणि रश्श्याच्या पातेल्यात सोडून पातेलं पंगतीच्या मधोमध ठेवलं.

"ज्याचं त्यानं घ्या. जेवढं पायजे तेवढंच."

गोविंदरावांनी मिश्कीलपणे विचारलं, "काय रे पोरांनो, दुसरा आचारी बोलवायचा ना?"

"त्याला कशाला?" बाबू आपल्या हातानं अर्धी पळी रस्सा घेत म्हणाला. "त्यो पुन्हा आग्रह करंल!"

सुट्टी संपली त्या सकाळी आठ वाडग्यांत खिमट वाफाळत होतं.

"मामा, आमी काय बाळंतीण हाय?"

"गरम हाय तवर खा," केरबा म्हणाला, आणि आपला नववा वाडगा घेऊन त्यांच्यातच मांडी घालून बसला.