पाण्याच्या रेल्वेचा डबा

उदगीरच्या फलाटावर मंडळी नव्या जिल्ह्यासाठी तावातावानं भांडत होती, आणि माझ्या शेजारी एक म्हातारा पत्र्याचा वीतभर डबा मांडीवर घेऊन त्याला मळवत बसला होता. हो, मळवत! दुष्काळात लातूरला पाणी आणणाऱ्या रेल्वेच्या टाकीच्या डब्याची ती हुबेहूब छोटी प्रतिकृती होती. मी पडलो रेल्वेवेडा, उडालोच! विटेच्या भुकटीचा गंज, चुलीच्या राखेची धूळ, झाकणाखाली काजळीचे ओघळ, सगळं अस्सल! फक्त टाकीच्या पोटावरचा एक पट्टा लख्ख चमकत होता.

"बाबा, इथं मळवायचं राहिलं की!"

"राहिलं न्हाई," तो खुशीत म्हणाला. "तवा गाडी थांबली की लोकं हात फिरवून बघायची, कुठवर गार लागतंय ते. जिथवर गार, तिथवर पाणी. एवढ्या हातांखाली धूळ बसंल का?"

मला राहवलं नाही. त्या पट्ट्यावरून मीही बोट फिरवलं, आणि दचकलो. भर उन्हाळ्यात पत्रा गारेगार! डबा हलवला, तर आत काहीतरी डुचमळलं.

मी डबा कानाशी नेला. पाणीच!

"मग?" तो म्हणाला. "लातूरची गाडी रिकामी कशी ठिवू?"