आपोआप मागं गेलेली गाडी

तुळजापूरच्या वाहनतळावर भाचा म्हणाला, “मामा, स्टेअरिंग सोडा. गाडी स्वतःच पार्क होईल. पुढं तर ड्रायव्हरच लागणार न्हाय!”

माझा काही भरवसा बसेना. “आन् कुणाला धडकली तर?”

“चूक गाडीची. तुमची कशी?”

मी हात काढलेच नाहीत. वीस वर्षांमागं इथंच, नव्या जीपची पूजा झाल्यावर, चाकाखालची लिंबं चिरडताना मी चुकून रिव्हर्स गिअर टाकला. जीपच्या मागं फुलं विकत बसलेल्या मावशींचा पाय मोडला. “गाडी आपोआप मागं गेली,” असं मी सांगितलं. सगळ्यांनी मानलं; मावशी तर मलाच धीर देत होत्या.

गाडी लावून मी त्यांच्या दुकानाशी गेलो आणि खरं सांगितलं. त्यांनी मला बसायलासुद्धा म्हटलं नाही.